ढसाळांची कविता वर्गात एकही शब्द न गाळता वाचावी का?

तासिका_मास्तरीण:
मराठीत पीएचडी करतेय आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर टीवायबीएला शिकवते. दलित साहित्याच्या पेपरला नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' या संग्रहातल्या (१९७२) कविता आहेत. विभागातून मिळालेल्या झेरॉक्सवर काही शिवराळ शब्दांवर काळं मार्कर फिरवलेलं होतं. पोरांनी कागद खिडकीच्या उजेडात धरून नेमके तेवढेच शब्द शोधले. भूक, मुंबईतली कामाठीपुऱ्याची वेश्यावस्ती, तिथल्या बायकांचं जगणं सगळं बाजूला राहिलं, वर्गभर नुसती खसखस. पुढच्या तासाला मूळ पुस्तक नेलं, आधी त्या भागाबद्दल बोलले, मग अख्खी कविता मोठ्याने वाचली. कुणी हसलं नाही. शिकवायची तर अशीच शिकवावी, असं माझं ठाम मत आहे.

जुना_फळा:
कवितेच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण समोर बसलेली मुलगी उठून जाऊ शकते का? हजेरी तुमच्या हातात, अंतर्गत गुणही तुमच्याच हातात. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर' नाटकाचा प्रेक्षक तिकीट काढून स्वखुशीने आला होता, तरी ते प्रकरण हायकोर्टात गेलं. आणि कुणी हसलं नाही म्हणजे पोचलं, असं धरून चालू नका. अवघडलेली माणसंही गप्पच बसतात. कविता घरी वाचायला सांगा, वर्गात आशयावर बोला.

तासिका_मास्तरीण:
सर, म्हणूनच आदल्या तासाला सांगितलं होतं: ज्यांना नको त्यांनी येऊ नये, हजेरी लागेल. पण भाषा वगळून आशय कुठून आणायचा? ढसाळांनी प्रमाण मराठीला जाणूनबुजून धक्का दिला. तो काढला तर हातात गरिबीवरचा निबंध उरतो.

वस्तीतली:
हे शब्द मी नळावरच्या भांडणात रोज ऐकत मोठी झाले. आमच्या सरांनीही न गाळता वाचलं होतं. वाचून झाल्यावर दोन-तीन माना माझ्याकडे वळल्या. शब्दांचं मला काही वाटलं नाही, त्या नजरा लागल्या. जुना_फळा सर, तुमची काळजी फक्त ज्यांच्या कानावर हे कधी पडलं नाही त्यांच्यापुरतीच का? आणि ताई, वर्गात तिथलंच कुणी बसलेलं असेल, हे धरून बोलता का तुम्ही?

नियमात_राहा:
तत्त्वं राहू द्या. २०१० साली विद्यार्थी संघटनेच्या विरोधानंतर मुंबई विद्यापीठाने रोहिंटन मिस्त्रींची कादंबरी अभ्यासक्रमातून काढली. तिथे एवढं मोठं विद्यापीठ मागे सरलं. तासिकेवाल्याविरुद्ध तक्रार आली तर त्याला पुढच्या जूनमध्ये बोलावणारच नाहीत, कारणही सांगणार नाहीत. विभागप्रमुखांकडून आधी लेखी घ्या.

तासिका_मास्तरीण:
लेखी मागितलं की मार्कर परत येणार, हे मला माहीत आहे.
वस्तीतली, हो, धरूनच बोलते. 'तुमच्याकडे असंच असतं का, तू सांग' असं मी कुणालाही विचारत नाही. मास्तरानेच बोट दाखवलं की माना वळतात. ज्याला बोलायचंय तो आपणहून बोलतो, आणि नाही बोलला तरी त्याचे गुण कमी होत नाहीत.

जुना_फळा:
हे पटलं. वस्तीतली, तुमचा प्रश्नही रास्त आहे, तो मी विचारात घेतला नव्हता. मोठ्याने वाचायला मात्र माझा विरोध कायम आहे.