बंद पडलेल्या पेट्रोल पंपाची जागा घ्यायचीय, माती-पाणी कसं तपासू? (पारोळा-एरंडोल पट्टा)

पारोळेकर_७७
नमस्कार मंडळी. जुन्या हायवेला लागून एक बंद पंप आहे, चौपदरीकरणात रस्ता बाजूला सरकला तेव्हापासून धंदा बसला, आता मालक जागा काढतोय आणि भाव खरंच बरा सांगतोय. एनए आहे, सातबारा साफ. मला तिथं हॉटेल टाकायचंय. मागे विहीर आहे, मे महिन्यातही पाणी असतं. टाक्या काढल्या का खालीच आहेत ते मालक धड सांगत नाही, एकदा म्हणतो काढल्या, एकदा म्हणतो वाळू भरून बुजवल्या. मोटर चालू करून नळाचं पाणी लॅबला दिलं, टीडीएस, हार्डनेस, नायट्रेट सगळं लिमिटमध्ये आलं. तरी वडील म्हणतात पंपाचं पाणी पिऊ नको. नेमकं काय तपासायचं नि कोणाकडून?

केळीवाला_यावल
भो इतकी वर्षं पेट्रोल राहतं का कुठं, उडून जातं. आरओ लाव नि मोकळा हो. आमच्याकडे पाणी इतकं खोल गेलंय की पेट्रोल तिथवर पोचायचं नाही.

मुरूम_अन्_खडक
यावलचा हिशेब पारोळ्याला लावू नका दादा. तुमच्याकडे तापीचा गाळ आहे, इथं वर काळी माती, मग मुरूम, खाली काळा पाषाण आणि त्याच्या भेगांतून पाणी. टाकी किंवा पाइपाचा जॉइंट गळला की पेट्रोल मुरमातून उतरतं, पाण्यापेक्षा हलकं म्हणून पाण्याच्या पातळीवर तरंगतं आणि पावसाळ्यात पातळी वर, उन्हाळ्यात खाली असं होताना त्या सगळ्या पट्ट्यातल्या मातीला फासलं जातं. वरचं उडतं हे खरं, पण मातीला धरून बसलेलं वर्षानुवर्षं थोडं थोडं पाण्यात सुटत राहतं. भेगा कुठं जातात ते वरून दिसत नाही, त्यामुळं शेजारची विहीर साफ आणि त्यापलीकडची खराब असंही होतं. आणि विहिरीवर रोज मोटर चालली की आजूबाजूचं पाणी तिकडंच ओढलं जातं, हॉटेल चालू झालं की उपसा वाढणारच.

तुमचा रिपोर्ट खोटा नाही पण या कामाचा नाही. पेट्रोलमधली बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलीन ही रसायनं, शिवाय एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन आणि शिसं, हे वेगळं सांगून करून घ्यावं लागतं. शिसं यासाठी की २००० सालापर्यंत आपल्याकडे शिसंवालं पेट्रोल मिळायचं, पंप त्याआधीचा असेल तर बघाच. बेंझिनने कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, इतक्या कमीला वासच येत नाही, म्हणजे वास आला नाही म्हणून पाणी साफ असं धरता येत नाही. आरओच्या भरवशावर तर अजिबात राहू नका, बेंझिन मुख्यतः कार्बन फिल्टर पकडतो, तोही भरला की सोडून देतो.

लॅबवाली_धुळे
सँपल मोटरच्या नळाचं घेतलंत तिथंच गडबड. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाचं तोंड, तळाशी असतो आणि तवंग असलाच तर वर. मोटर लावायच्या आधी बेलरने (दोरीला बांधून सोडायची नळी) वरचं पाणी हळू उचला. बाटली बिसलेरीची चालत नाही, ४० मिलीची काचेची वायल (छोटी बाटली) लॅबकडूनच मागा, त्यात आधीच थोडं अ‍ॅसिड घातलेलं असतं म्हणून विसळायची नाही, काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी केल्यावर एक बुडबुडासुद्धा दिसला नाही पाहिजे, कारण बेंझिन त्या हवेत निघून जातं. लगेच बर्फात ठेवा आणि १४ दिवसांच्या आत तपासणी व्हायला हवी. लॅबला एनएबीएल (लॅबची सरकारी मान्यता) आहे एवढं विचारून भागत नाही, पाण्यातल्या बेंझिनसाठी एनएबीएल आहे का ते विचारा, पुष्कळ ठिकाणी नाही असंच उत्तर येईल.

आबा_अमळनेर
जय खान्देश भो. इसार दिधा नही ना आजून? मी पंपावर बरीच वर्षं मॅनेजरकी केली. मालकाकडं जुनी डिपची रजिस्टरं माग, रोज सकाळी डिप रॉड टाकून स्टॉक लिहितात, विक्री वजा जाता घट सारखी जास्त दिसली तर टाकी नाहीतर लाइन गळत होती समज. नकाशा पण माग, स्फोटकवाल्यांच्या, म्हणजे पेसोच्या लायसनला जोडलेला असतो, टाक्या, फिल पॉइंट (टाकी भरायचं तोंड), व्हेंट पाइप (वाफ बाहेर सोडणारा) सगळं त्यात दिसतं. गळती टाकीपेक्षा जॉइंटला आणि टँकर रिकामा करतात तिथं जास्त बघितली मी.

पारोळेकर_७७
आबा, इसार नाही दिला अजून. जेसीबी लावून खड्डे घेतले तर चालेल का, भाऊबंदातच आहे जेसीबी.

मुरूम_अन्_खडक
नकाशा हातात आल्याशिवाय अजिबात नको. टाकी खाली असेल तर आत वाफ भरलेली असू शकते, बकेटचा दात घासला तरी भडका. वाळू भरलीय हे मालकाच्या तोंडी आहे फक्त. आणि खड्ड्यात माणूस उतरवायचा नाही, वाफ हवेपेक्षा जड, तळाशी बसते. शिवाय टाकीचा तळ साधारण साडेतीन-चार मीटरवर आणि घाण त्याच्या खाली, जेसीबीचा हात तिथवर जेमतेम पोचतो.

रीतसर करायचं तर पर्यावरण सल्लागाराकडून किमान तीन निरीक्षण बोअर घ्या, एका रेषेत नाही, त्रिकोणात, म्हणजे पाणी कुठल्या दिशेनं वाहतं ते काढता येतं. जाळीचा पाइप पाण्याच्या पातळीच्या वर-खाली दोन्हीकडे हवा, नाहीतर तवंग आत येतच नाही. आपल्याकडचे बोअरवाले हवेच्या दाबानं मारतात, त्यात मातीतलं बेंझिन उडतं, म्हणून मातीचे नमुने आधी ऑगरने (हातानं फिरवायचा गिरमिट), जिथवर जाईल तिथवर. पाणी एकदा मेमध्ये आणि एकदा पावसाळ्यानंतर. भूजल सर्वेक्षणाच्या जळगाव ऑफिसला जवळच्या निरीक्षण विहिरीच्या पातळ्या विचारून ठेवा.

केळीवाला_यावल
एवढा खर्च घेणाऱ्यानं करायचा का मग? भाव कमी कुठं राहिला.

आबा_अमळनेर
मालकाच्या माथी मार. इसार पावतीतच लिहून घे, तपासणी मालकाच्या खर्चानं, रिपोर्ट खराब आला तर इसार परत, आणि खाली टाकी निघाली तर गॅस-फ्री करून, म्हणजे आतली वाफ काढून, मग टाकी काढून द्यायची जबाबदारी त्याचीच. सही करायला का-कू करायला लागला तर दुसरी जागा बघ.

पारोळेकर_७७
रविवारी बैठक आहे, आधी रजिस्टर नि नकाशा मागतो. लॅबवाली ताई, वायल धुळ्याला येऊन घेऊन जाऊ का पार्सलने पाठवता येतील?

लॅबवाली_धुळे
आमच्याकडे बेंझिन होत नाही हो, नाशिक-पुण्याकडच्या लॅबला फोन करून घ्या. सँपल सोमवारी सकाळी काढा, शनिवारी काढलं तर रविवारभर कुरिअरच्या गोडाऊनमध्ये पडून राहील आणि बर्फाचं पाणी होईल.