स्पॅनिश चित्रांतला काळोख: खानापूरच्या मातीचं ग्राउंड चालेल का?

रंगपेटी_शहापूर

नमस्कार मंडळी. सतराव्या शतकातल्या स्पॅनिश चित्रकार वेलास्केझच्या, सेव्हिल शहरातल्या सुरुवातीच्या चित्रांच्या वळणावर तैलरंगात एक स्थिरचित्र करायचं आहे: बेळगावजवळच्या खानापूरचा माठ, अर्धा कोबी, काकडी, मागं अंधार. अडचणी दोन. तयार कॅनव्हासवर मागची बाजू आयव्हरी ब्लॅक या काळ्या रंगानं भरली की वाळल्यावर कुठं चमकते, कुठं राखेसारखी मेलेली दिसते. त्यावर लावलेल्या रंगाला बारीक भेगाही जातात. दुसरं, सेव्हिलमध्ये म्हणे मातीचंच ग्राउंड (रंगाखालचं अस्तर) करायचे. ते कुंभारमातीनं जमेल का? पावसाळ्यात काम चालेल की आधी आटपायचं? आणि एवढा काळोख स्पेनमध्येच का, तेही कुणीतरी सांगा.

जवस_आणि_टर्पेंटाइन

आधी काळ्याचं बघू. मेलेले डाग म्हणजे रंग 'बसला'. बाजारातल्या कॅनव्हासचं अ‍ॅक्रिलिक प्राइमिंग तेल शोषतं आणि वर कोरडी पूड उरते. जिथं थर जाड तिथं चमक, पातळ तिथं राख. भेगांचं कारण वेगळं. आयव्हरी ब्लॅक तेल खूप पितो आणि सावकाश वाळतो. वरून कोरडा वाटला तरी आत ओला असतो. त्यावर अंबर (तपकिरी मातीचा रंग) किंवा पांढरा चढवला की वरचा थर आधी आवळतो, खालचा नंतर हलतो, आणि फाटतो.

म्हणून खालच्या थरात शुद्ध काळा नको. बर्न्ट अंबर (भाजलेलं अंबर) आणि अल्ट्रामरीन निळा मिसळून काळोख करा. अंबरमधल्या मँगनीजमुळं थर लवकर वाळतो, पातळ लावला तर दोन-तीन दिवसांत. निळा वाढवला की अंधार मागं सरकतो, अंबर वाढवलं की पुढं येतो. नुसत्या काळ्यात ही सोय नाही. आयव्हरी ब्लॅक शेवटी, माठाच्या तोंडातल्या पोकळीपुरता, चिमूटभर.

आधीच बसलेल्या डागांवर: रंग बोटाला लागत नाही एवढा वाळू द्या. एक भाग जवसाचं तेल, दोन भाग टर्पेंटाइन, सुती कापडानं अगदी पातळ पुसा आणि जादा तेल लगेच टिपून घ्या. तेल साचू दिलं तर ते पिवळं पडतं. पुसल्यावर ते कापड पाण्यात बुडवून टाका. बोळा करून कोपऱ्यात ठेवलं तर आपोआप पेटू शकतं, ही अतिशयोक्ती नाही.

कुंभारगल्ली

मातीचं जमतं. पण कुंभाराकडून आणली आणि तेलात कालवली, असं नाही.

फ्रान्सिस्को पाचेको हा वेलास्केझचा गुरू, पुढं सासरा. त्याचा चित्रकलेवरचा ग्रंथ 1649 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्यात सेव्हिलची माती दळून जवसाच्या तेलात घोटायची, सुरीनं कॅनव्हासवर ओढायची, वाळल्यावर प्युमिस दगडानं घासायची आणि पुन्हा थर द्यायचा, अशी रीत आहे. आपल्यासाठी त्याचा दुसरा मुद्दा मोलाचा: पिठाची खळ आणि जिप्समचं अस्तर दमट हवेत ओल धरतं, कापड कुजतं, रंगाचे पोपडे निघतात. त्यानं हे सेव्हिलमध्ये बसून लिहिलंय, पण खानापूर-जांबोटीच्या पावसाला तंतोतंत लागू पडतं. खळ लावून कॅनव्हास ताठ करायची आयडिया असेल तर सोडा.

कृती अशी. कच्ची माती पाचपट पाण्यात कालवा, मिनिटभर थांबा. वाळू तळाला बसली की वरचं गढूळ पाणी पातळ मलमलीतून दुसऱ्या बादलीत ओता. हे तीनदा. मग रात्रभर ठेवून वरचं स्वच्छ पाणी काढून टाका, नवं पाणी घाला, पुन्हा निवळू द्या. यात विरघळणारे क्षार जातात. ते राहिले तर पुढं थरावर पांढरी बुरशीसारखी पूड फुटते. माती उन्हात कडक वाळवा, कुटा, चाळा. रंग फिका वाटला तर लोखंडी तव्यावर भाजा. लोहाच्या पिवळ्या मातीतलं पाणी उडालं की ती तांबडी होते.

आता घोटणी. 100 ग्रॅम मातीला 40 ग्रॅम जवसाच्या तेलानं सुरुवात करा आणि लागेल तसं थेंबाथेंबानं वाढवा. प्रत्येक माती वेगळं तेल मागते. जाड काचेवर, काचेच्याच घोटणीनं. पाटा-वरवंटा वापरायचा मोह होईल, पण तो परत स्वयंपाकाला चालणार नाही. सोबत दहावा हिस्सा बर्न्ट अंबरची पूड घाला, वाळायला मदत होते. कॅनव्हासवर आधी अ‍ॅक्रिलिक जेसोचे (तयार पांढऱ्या अस्तराचे) दोन हात द्या, एक दिवस थांबा, मग मातीचा लगदा चाकूनं ओढा, विणीच्या खड्ड्यांत बसेल एवढाच. दोन थर पुरेत. मध्ये आठवडा, शेवटी तीन आठवडे.

प्रादो_वाचक

कृतीत वाद नाही. 'स्पेनचा काळोख' या शब्दावर मात्र थोडं थांबूया.

अंधारातून उजेडात येणाऱ्या आकृत्यांची ती तऱ्हा मुख्यतः इटालियन चित्रकार काराव्हाज्योची. नेपल्स तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं आणि स्पॅनिश चित्रकार रिबेरा तिथंच काम करत होता; सेव्हिलला ती हवा पोचायला वाटा होत्या. पण स्थिरचित्रं करणारा स्पॅनिश चित्रकार सान्चेझ कोतान बघा. साधारण 1602 चं त्याचं चित्र: खिडकीची चौकट, दोरीला टांगलेलं बिही (क्विन्स फळ) आणि कोबी, खाली कापलेला खरबूज आणि काकडी, मागं निव्वळ काळं. भाजी टांगायची ती टिकावी म्हणून. फळा-भाज्यांची वाकडी ओळ मात्र त्यानं जाणूनबुजून बसवली. 1603 मध्ये तो कार्थुसियन या कडक मौनव्रती ख्रिस्ती पंथाच्या मठात गेला. सेव्हिलचाच चित्रकार सुर्बारान, त्याची गिऱ्हाईकंही बहुतेक मठच. थोडक्या वस्तू, पूर्ण लक्ष. मला तरी या चित्रांची ओढ तिथं वाटते, काळ्या रंगात नाही.

शिवाय आज दिसतो तेवढा अंधार मुळात नव्हता. तैलरंग वर्षांनुवर्षं पारदर्शक होत जातो आणि खालची तपकिरी जमीन (म्हणजे ग्राउंड) वर डोकावते. छायाप्रत पाहून त्याहून गडद रंगवायला गेलात तर फसाल. वेलास्केझनं स्वतः इटलीच्या पहिल्या फेरीनंतर, म्हणजे 1631 नंतर, फिकट जमिनी धरल्या. 1656 च्या 'लास मेनिनास'मधली हवा गडद अस्तरावर मिळाली नसती.

माठासाठी 'सेव्हिलचा पाणीवाला' समोर ठेवा, सुमारे 1620 चं. पुढचा मोठा रांजण, त्यावर ओघळलेले थेंब, ग्लासात अंजीर. ते लंडनला ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या घरात आहे: 1813 च्या स्पेनमधल्या व्हितोरियाच्या लढाईत त्याच्या हाती लागलं, नंतर स्पेनच्या राजानं राहू दिलं. हा वेलिंग्टन म्हणजे 1800 मध्ये बंडखोर धोंडिया वाघामागं आपल्या मुलखात धावणारा आर्थर वेलस्लीच.

रंगपेटी_शहापूर

भारी. मग माठाची सावली मातीच्या ग्राउंडवर नुसती मोकळी सोडली तर? आणि पावसाळ्याचं राहिलं.

जवस_आणि_टर्पेंटाइन

अर्धछाया मोकळी सोडा, गडद सावलीवर अंबर-अल्ट्रामरीनचा एक पातळ हात द्या. उजेडाची बाजू जाड. टायटॅनियम व्हाइट फार थंड आणि अपारदर्शक, त्यात किंचित यलो ऑकर घाला. वेलास्केझच्या रंगात कॅल्साइट (खडूतलंच खनिज) सापडलाय. तुम्ही रंगाच्या पाव हिश्शापर्यंत चाळलेली खडूची पूड मिसळा, रंग पारदर्शक होतो आणि ओघळत नाही. झिंक व्हाइट टाळा, ठिसूळ होतो.

मातीचे थर मेअखेर संपवा. तेल हवेतल्या प्राणवायूनं वाळतं, पण दमट अंधाऱ्या खोलीत ते रेंगाळतं आणि बुरशी आधी पोचते. जुलैत रंगकाम चालेल, मात्र कॅनव्हास भिंतीला टेकवू नका, मागं इंचभर बुचाचे तुकडे लावा. कापड सैल पडलं तर लगेच चौकटीच्या कोपऱ्यांत ताण देणाऱ्या पाचरी ठोकू नका. डिसेंबरच्या कोरड्या हवेत तेच कापड ताणून कोपरे फाडेल. वार्निश सहा महिन्यांनी.