मदत हवी आहे: सोसायटीत नेटचं अपग्रेड, कंपनी म्हणते रात्री १२ ते ६ बंद, पण आमच्याकडे रात्रीच काम असतं (घोडबंदर रोड, ठाणे)

नमस्कार मंडळी,

कासारवडवलीच्या अलीकडे राहते, सोसायटीच्या कमिटीत आहे, आणि नेटचा विषय माझ्याकडे आलाय. रविवारी मीटिंग आहे, त्याआधी ब्रॉडबँड कंपनीला लेखी उत्तर द्यायचंय म्हणून इथे विचारतेय, जाणकारांनी प्लीज सांगा.

कंपनीचं पत्र आलंय की तुमच्या बिल्डिंगमध्ये नेटवर्क अपग्रेड करणार, जुन्या केबल काढून प्रत्येक फ्लॅटमध्ये फायबर देणार, आणि त्यासाठी काही दिवस रात्री १२ ते सकाळी ६ सेवा बंद राहील, सहकार्य करावे. बस एवढंच. किती दिवस ते नाही, कुठली विंग कधी ते नाही, काम अडलं तर काय ते नाही.

आत्ता आमच्याकडे कसं आहे ते सांगते म्हणजे नीट कळेल. गच्चीपर्यंत फायबर येते, तिथे एका डब्यात स्विच आहे आणि तिथून डक्टमधून घराघरात लॅन केबल खाली आल्यात. त्या स्विचला लाईट सोसायटीच्या कॉमन मीटरवरून आहे, त्यामुळे लाईट गेली की घरात इन्व्हर्टरवर राउटर चालू असतो पण गच्चीवरचा स्विच मेलेला असतो, म्हणजे नेट नाहीच. शिवाय ते स्विच १०० एमबीपीएसवाले, जुने, त्यामुळे ज्यांनी २०० चा प्लॅन घेतलाय त्यांना स्पीड टेस्टला ९४-९५ च्या वर आकडा कधी दिसलेलाच नाही आणि पैसे मात्र २०० चे जातायत. पावसाळ्यात विजा चमकल्या की पोर्ट जळतात ते वेगळंच. त्यामुळे अपग्रेड नको असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट कधीचं व्हायला हवं होतं.

माझा प्रश्न वेळेचा आहे. रात्री १२ ते ६ कोणी नेट वापरत नाही असं धरून ही वेळ काढलीय आणि ते आमच्या बिल्डिंगमध्ये खरं नाही. मी स्वतः अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या बिलिंगचं काम करते, शिफ्ट संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. आपल्याकडे रात्रीचे १२ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला उन्हाळ्यात दुपारचे अडीच असतात, भर कामाची वेळ. नोव्हेंबरमध्ये त्यांचं घड्याळ एक तास मागे गेलं की माझी शिफ्ट साडेचारला संपते. असे लोक आमच्या एका विंगमध्येच इतके आहेत की रात्री दोनला लिफ्टमध्ये चहा घेऊन वर जाणारं कोणीतरी भेटतंच. आणि आमच्याच मजल्यावर एक डॉक्टर आहेत, ते रात्री टेलिरेडिओलॉजी करतात, म्हणजे लांबच्या हॉस्पिटलमध्ये रात्री अपघाताचा पेशंट आला की त्याचा सीटी स्कॅन यांच्या घरच्या स्क्रीनवर येतो आणि हे रिपोर्ट देतात. त्यांना रात्री नेट नाही म्हणजे तिकडे कोणीतरी स्ट्रेचरवर वाट बघतंय. हे मी कंपनीच्या माणसाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला मॅडम इंडस्ट्रीत सगळीकडे रात्रीच करतात. करत असतील, पण ठाणे, ऐरोली, घणसोली इथे किती घरं रात्रपाळीवर चालतात हे त्यांनाही माहीत असायला हवं ना, बिलं तर इथल्याच लोकांना पाठवतात.

याआधी एकदा असंच प्लॅन्ड मेंटेनन्स झालं होतं तेव्हा सूचनेचा ईमेल नेट गेल्यावर आला, आणि सहाला संपणारं काम दुपारपर्यंत लांबलं, कस्टमर केअर म्हणत होतं एरियात काम चालू आहे, यापलीकडे काही नाही. म्हणून या वेळी सगळं आधी लेखी हवंय.

तर विचारायचं हे की रात्रीचीच वेळ तांत्रिकदृष्ट्या गरजेची असते का, की सवयीने तसं करतात? नवीन फायबर चालू होईपर्यंत जुनी लॅन केबल चालू ठेवता येते का? पत्रात नेमकं काय काय मागावं? सोसायटीचे सीसीटीव्ही याच नेटवर आहेत, त्याला काही होईल का? आणि ठरल्यापेक्षा जास्त वेळ बंद राहिलं तर भरपाईचा काही नियम आहे का? माहिती असलेल्यांनी सविस्तर लिहा, मी सगळं मीटिंगमध्ये वाचून दाखवणार आहे.

प्रतिसाद

ताई, मी एका ब्रॉडबँड कंपनीत आधी फील्डला आणि आता नेटवर्क कंट्रोल रूमला आहे (तुमची कंपनी नाही), म्हणून आतून कसं चालतं ते सांगतो.

तुमच्या पत्रात दोन वेगळी कामं एकत्र केलीयत आणि सगळा घोळ तिथेच आहे. एक काम रस्त्यावरचं, मेन केबलचं. घोडबंदर रोडला मेट्रो ४ चं काम, सर्व्हिस रोडचं काम, त्यात केबल हलवाव्या लागतात, आणि रस्त्यावर चेंबर उघडून बसायचं तर दिवसा ट्रॅफिकमुळे परवानगीच मिळत नाही, त्यामुळे ते रात्रीच होतं, त्यात कंपनीचा फार दोष नाही. जुनी केबल कापली की त्यातली एकेक कोर (केसासारखी बारीक काचेची तार) रंग बघून नवीन केबलला फ्यूजन मशीनने, म्हणजे काच वितळवून, जोडावी लागते, ४८ कोरची केबल असेल तर ४८ जोड, प्रत्येक जोड तपासायचा, स्लीव्ह घालायची, ट्रेमध्ये बसवायची. यात घाई केली की नंतर महिनाभर कंप्लेंट येतात. हे काम चालू असताना तुमचं नेट बंद राहणारच, त्याला इलाज नाही.

दुसरं काम तुमच्या बिल्डिंगच्या आतलं, लॅन काढून फायबर देणं. यासाठी रात्र लागतच नाही. नवीन फायबर डक्टमधून ओढायची, मजल्यांवर स्प्लिटर (एका फायबरचे अनेक फाटे करणारा डबा) बसवायचा, घरात बॉक्स लावायचा, हे सगळं दिवसा आणि जुनं नेट चालू असताना होतं कारण दोन्ही केबल वेगळ्या आहेत. नवीन मोडेम चालू करून त्यावर तुमचं लॉगिन घेतलं की झालं, एका घराला पाच-दहा मिनिटं. जुना स्विच सगळी घरं नीट चालतायत बघून आठवड्याने काढला तरी काही बिघडत नाही. जुनी केबल आधी काढतात कारण एकाच फेरीत ठेकेदाराचं काम संपतं, एवढंच कारण. तुम्ही लिहूनच द्या की नवीन लाईन चालू झाल्याशिवाय जुनी काढायची नाही.

फायद्याचं म्हणाल तर मोठा फायदा हा की स्प्लिटरला लाईट लागत नाही, ती नुसती काच आहे, एका फायबरमधला प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटते. कंपनीच्या टोकाला बॅकअप असेल तर घरात राउटरला छोटा यूपीएस लावून लाईट गेली तरी नेट चालू राहील. जीपॉन (अशी एक फायबर अनेक घरांत वाटायची सध्याची नेहमीची पद्धत) असेल तर त्या एका फायबरवरच्या सगळ्या घरांत मिळून खाली येणारा स्पीड साधारण २.५ जीबीपीएस आणि वर जाणारा १.२५, त्यामुळे एका पोर्टवर, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या अशा एका फायबरवर, किती घरं टाकणार ते नक्की विचारा, ६४ पेक्षा ३२ चांगलं. पुढे एक्सजीएस-पॉन म्हणजे १० जीबीपीएसवालं आणायचं झालं तरी हीच फायबर चालते, त्याचा प्रकाश वेगळ्या वेव्हलेंग्थवर असतो, जीपॉन १४९० नॅनोमीटरवर आणि ते १५७७ वर, दोन्ही एकाच काचेतून एकत्र जातात. म्हणजे डक्ट आणि भिंती पुन्हा फोडाव्या लागू नयेत.

प्रत्येक घरात काम झाल्यावर पॉवर मीटरचं (फायबरमधून किती प्रकाश पोचतो ते मोजायचं यंत्र, विजेचा मीटर नाही) रीडिंग घ्यायला लावा आणि कागदावर लिहून घ्या. उणे १५ ते उणे २४ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) आसपास असेल तर ठीक, उणे २७ च्या जवळ गेलं तर आज चालेल पण पुढे कधीही तुटेल. त्या मुलांना हे रीडिंग घ्यायला एक मिनिट लागतं.

वेळेबद्दल, मेन केबलच्या कामासाठी शनिवारची रात्र मागा. आपली शनिवारची रात्र म्हणजे अमेरिकेत शनिवार, बहुतेकांना सुट्टी. किंवा रोज करायचं असेल तर पहाटे ५ ते ८, तुमच्या थंडीतल्या शिफ्टनंतर आणि ऑफिसं सुरू व्हायच्या आधी. आणि त्यांना विचारा की ठरल्या वेळेपर्यंत जोडणी झाली नाही तर मागे कसे येणार, म्हणजे बंद पडलेलं नेट परत कसं चालू करणार. ज्याच्याकडे याचं उत्तर नाही त्याने केबलला कात्री लावू नये, हे मी आमच्या पोरांनाही सांगतो.

प्रतिसाद

ऐरोली, सेक्टरच्या सोसायटीत राहतो. आमच्याकडे हेच मागच्या वर्षी झालं, दोन गोष्टी सांगतो.

सीसीटीव्हीचं आधी बघा. आमच्याकडे अपग्रेडनंतर नेट मस्त पळत होतं पण सेक्रेटरींच्या मोबाईलवर गेटचा कॅमेरा दिसेना. दोन आठवडे डीव्हीआरवाला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मशीन बसवणारा) कंपनीला दोष देतोय, कंपनी डीव्हीआरवाल्याला. शेवटी कळलं की आधी पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा नेटवरचा पत्ता) होता, नव्या सिस्टीममध्ये सगळ्यांना सीजीनॅटच्या मागे टाकलं, म्हणजे अनेक घरं एकाच आयपीवरून बाहेर जातात आणि बाहेरून आत यायचा रस्ता नाही, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी राउटरने कॅमेऱ्याकडे पाठवणं) चालत नाही. राउटरमध्ये वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) १०० पॉइंट ६४ ते १०० पॉइंट १२७ मध्ये दिसला की समजायचं हेच आहे. आम्ही सोसायटीच्या कनेक्शनला स्टॅटिक आयपी (स्वतःचा, न बदलणारा पब्लिक आयपी) घेतला, तुम्ही तो अपग्रेडचा भाग म्हणून फुकट मागा, कारण आत्ता चालू असलेली सोय ते काढून घेतायत.

दुसरं, घरातली फायबर. मुलं घाईत खिळ्याभोवती गुंडाळून निघून जातात आणि जोरात वाकवलेल्या फायबरमधून प्रकाश बाहेर सांडतो. मोडेमवर लाल एलओएस लाईट (सिग्नल येत नाही अशी खूण) लागला की आधी तेच बघा. कनेक्टर हिरव्याला हिरवा, निळ्याला निळा. हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्यात घुसवलं तर बसतं पण सिग्नल पडतो.

प्रतिसाद

भरपाईचं: ट्रायचे (टेलिकॉम कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत, त्यात वायरच्या कनेक्शनचा बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर ग्राहकाला भरपाई आहे. पण एका रात्रीचे सहा तास त्यात बसत नाहीत, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका, तुमच्या पत्रव्यवहारातच लिहून घ्या की ठरल्या वेळेपुढे गेलं तर तितके दिवस प्लॅनची मुदत वाढवणार. आणि तक्रार फोनवर करून सोडू नका, डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंद क्रमांक) घ्या. त्या नंबरावरच पुढे कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, ही दोन टप्प्यांची सोय ट्रायच्या २०१२ च्या नियमात आहे आणि लोक वापरतच नाहीत.

डॉक्टरांना सांगा दुसरं कनेक्शन घ्या, पण दुसऱ्या कंपनीचं घेतलं म्हणजे झालं असं नाही. आमच्या माजिवड्याला दोन कंपन्यांच्या केबल एकाच खांबावरून, एकाच झाडावरून जातात, जेसीबी लागला की दोन्ही एकदम जातात. फायबर सोसायटीत कुठल्या बाजूने शिरते ते विचारून घ्या, नाहीतर बॅकअप मोबाईल नेटवर्कवाल्या ५जी राउटरचा ठेवा. दोन वॅनचा, म्हणजे दोन नेट कनेक्शन लावता येतील असा, राउटर असला की एक गेलं की आपोआप दुसऱ्यावर जातं.

प्रतिसाद (धागा काढणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं स्पष्ट मला कंपनीकडून कधीच कळलं नसतं. दोन कामं वेगळी आहेत हेच मुख्य होतं, ते कळल्यावर पुढचं सोपं झालं.

डॉक्टरांशी बोलले, त्यांची रात्र शनिवारी पण असते, पेशंट काही वार बघून येत नाही, त्यामुळे ते ५जीचा राउटर घेतायत आणि मेन केबलच्या कामाची तारीख आठ दिवस आधी कळली तर त्या रात्री ड्युटी बदलून घेतो म्हणाले. म्हणजे आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची अट आठ दिवस आधीची सूचना, आणि ती व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि लिफ्टजवळच्या नोटीस बोर्डवर पण, नुसता ईमेल नको.

पत्रात हे घालतेय: मेन केबलचं काम शनिवारी रात्री, बिल्डिंगमधलं काम दिवसा विंगवार, जुनी लॅन केबल सगळ्यांचं नीट चालल्यावरच काढायची, प्रत्येक घराचं रीडिंग कागदावर, एका पोर्टवर ३२ पेक्षा जास्त घरं नाहीत, सीसीटीव्हीला स्टॅटिक आयपी, आणि काम चालू असताना उचलला जाईल असा एका माणसाचा मोबाईल नंबर. हा शेवटचा मुद्दा माझा आहे आणि तो मी सोडणार नाही, रात्री तीनला कस्टमर केअरचं म्युझिक ऐकत बसायचं नाहीये.

एक राहिलं. डक्टमध्ये आगीच्या पाइपची आणि लाईटच्या केबलची आधीच गर्दी आहे, तिथे फायबर वेगळ्या पाइपमधून न्यावी की तशीच बांधली तरी चालते? आणि कोणाच्या सोसायटीने कंपनीला असं अटींचं पत्र मराठीत दिलं असेल तर नावं काढून इथे टाका, शनिवारपर्यंत मिळालं तर फार बरं होईल.