तीच माणसं, तोच स्टुडिओ, मग 1963 आणि 1966 चा बेस एवढा वेगळा का?

बेसवाला_कोल्हापूर
मी वाद्यवृंदात बेस गिटार वाजवतो. सध्या बीटल्सची मोनो रेकॉर्डिंग्ज क्रमाने ऐकतोय. 'आय सॉ हर स्टँडिंग देअर'मधला बेस नुसता पळतो, पण प्रत्येक सूर ठप्प होऊन विझतो. 'पेपरबॅक रायटर'चा बेस मात्र थेट छातीवर येतो. फ्लॅटवाउंड (गुळगुळीत, चपट्या वेढ्याच्या) तारा आणि टोनचं बटण बंद, एवढ्यावर पहिला आवाज मला जमतो. दुसरा काही केल्या जमेना. वाद्य बदललं म्हणून का?

जुनी_तबकडी
वाद्य बदललं, हे खरंच. बीटल्सचा बेसवादक पॉल मॅकार्टनी, त्याचा आधीचा बेस हॉफनर 500/1 आतून पोकळ, तारेची लांबी 30 इंच. नंतरचा रिकनबॅकर 4001एस भरीव, सव्वातेहतीस इंच. तार ताठ राहते, सूर टिकतो. पण त्याआधीच्या 'रबर सोल' अल्बममध्येही रिकनबॅकर आहे, तिथे असा दणका नाही. माझ्या मते खरी गोष्ट एप्रिल 1966 मध्ये, 'पेपरबॅक रायटर'च्या वेळी घडली. पॉलला अमेरिकन सोल रेकॉर्डांसारखा बेस हवा होता. त्यांचा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक तेव्हा अवघा 20 वर्षांचा. बेसच्या अँपसमोर माइकऐवजी चक्क मोठा स्पीकर लावला गेला! स्पीकरला करंट दिला की पडदा हलतो. पडदा आवाजाने हलला की उलट करंट निघतो. एवढा मोठा पडदा खर्जाचे सूर भरभरून घेतो.

आणि तबकडी विसरू नका. जास्त बेस म्हणजे रुंद हेलकावणारी खाच, सुई उडायची भीती. बीटल्सची रेकॉर्ड कंपनी ईएमआय त्यामुळेच बेस दाबून ठेवायची. 'पेपरबॅक रायटर'चं सिंगल (छोटी तबकडी) कापताना, म्हणजे तिची खाच कोरताना, सुई उडू नये म्हणून वेगळं यंत्र वापरलं, तेव्हा कुठे तो बेस लोकांच्या घरी पोचला. स्टुडिओतल्या करामतीचं कौतुक सगळे करतात, कापणाऱ्यांचं कुणी करत नाही. मला ते फार खटकतं.

खर्ज_षड्ज
'द हू' बँडचा बेसवादक जॉन एंटविसल, त्याला कसं विसरलात? त्यांचं 'माय जनरेशन' गाणं ऑक्टोबर 1965 चं, त्यात बेसचा सोलो आहे. त्याला डॅनइलेक्ट्रो बेसच्या बारीक, खणखणीत तारा हव्या होत्या. तुटली की लंडनमध्ये सुटी तार मिळेना, म्हणून पठ्ठ्या अख्खी नवी गिटार घ्यायचा! शेवटी सोलो फेंडर जाझ या दुसऱ्या बेसवर झाला.

बेसवाला_कोल्हापूर
अफाट! आणि बीटल्सच्या 'सार्जंट पेपर' अल्बममध्ये बेस इतका सुटा कसा ऐकू येतो?

जुनी_तबकडी
मशीन चारच ट्रॅकचं, म्हणजे टेपवर वेगळे आवाज घ्यायला चारच पट्टे. ते भरले की मिसळून दुसऱ्या टेपवर उतरवायचे, त्यात आधीचा बेस ड्रममध्ये बुडायचा. 'पेपर'च्या वेळी पॉल बरेचदा बेस सगळ्यात शेवटी वाजवायचा, वेगळ्या ट्रॅकवर. माइक अँपपासून काही फूट लांब. खोलीची हवाही त्यात आली.

तुम्ही तारा बदलू नका, दादा. टोन उघडा, प्लेक्ट्रमने (नखीने) ब्रिजजवळ, तारा जिथे खाली टेकतात तिथे, वाजवा आणि कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आवळणारं यंत्र) जरा सढळ हाताने लावा. मग त्याच सिंगलच्या दुसऱ्या बाजूचं 'रेन' लावून सोबत वाजवून बघा. त्याची टेप मुद्दाम हळू चालवलेली आहे, त्यामुळे सूर नीट लावून घ्या.