२४ इंची कामाडो घ्यावा की २९ इंची? चाळीस माणसांच्या स्वयंपाकासाठी सल्ला हवा आहे

निखारा

नमस्कार. आम्ही अटलांटाच्या उत्तरेला जॉन्स क्रीक येथे राहतो. गेली सहा वर्षे आमच्या अंगणात १८ इंची जाळीचा सिरॅमिक कामाडो, म्हणजे जाड भिंतींची, घुमटाच्या झाकणाची कोळशाची शेगडी, आहे आणि घरातल्या चार माणसांसाठी तो पुरून उरतो. अडचण येते ती वर्षातून चार-पाच वेळा, म्हणजे मेमोरियल डे, ४ जुलै, मंडळाची उन्हाळी सहल अशा प्रसंगी, जेव्हा पस्तीस-चाळीस माणसे जेवायला असतात. गेल्या जुलैत कोंबडीच्या तंगड्यांचे मला पाच घाणे काढावे लागले, आणि शेवटचा घाणा बाहेर आला तेव्हा पहिल्या पंगतीचे श्रीखंड खाऊन झाले होते. ब्रिस्केटची, म्हणजे गाईच्या छातीच्या मांसाच्या मोठ्या तुकड्याची, दुसरीच तऱ्हा. चौदा पौंडांचा तुकडा जाळीवर तिरका ठेवला तरी त्याची दोन्ही टोके डिफ्लेक्टरच्या (निखारे आणि जाळी यांच्यामधल्या, झळ अडवणाऱ्या तबकडीच्या) बाहेर येतात, खालची झळ थेट त्यांना लागते, आणि बारा तासांनी मधला भाग लोण्यासारखा मऊ झालेला असतो तेव्हा टोके चपलेच्या तळव्यासारखी झालेली असतात.

जुना कामाडो विकून मोठा घ्यावा असे ठरवले आहे. २४ इंची पुरेल की एकदाच काय ते म्हणून २९ इंची घ्यावा? २९ इंची घेतल्यास रोजच्या दोन-तीन माणसांच्या जेवणासाठी तो पेटवणे परवडते का? आमच्या घरामागचा डेक लाकडी आहे, हेही सांगून ठेवतो.

केटीकर

मी ह्यूस्टनजवळ केटी येथे राहतो आणि आठ वर्षांपासून २४ इंची वापरतो. आपण व्यासावरून विचार करत आहात, तो थोडा क्षेत्रफळावरून करून पाहावा. १८ इंची जाळीचे क्षेत्रफळ साधारण २५४ चौरस इंच, २४ इंचीचे ४५२ आणि २९ इंचीचे ६६०. म्हणजे व्यास सहा इंचांनीच वाढला तरी जागा पावणेदोनपट होते. मांडीसकट एका तंगडीला सुमारे ३० चौरस इंच जागा धरली, तर आपल्या जाळीवर आठ, माझ्या जाळीवर पंधरा आणि २९ इंचीवर बावीस तंगड्या बसतात. चाळीस तंगड्यांचे आपले पाच घाणे मी तिनात काढतो आणि २९ इंचीवाला दोनात काढेल. ३७५ अंश फॅरनहाइटला एका घाण्याला पाऊण तास लागतो, त्यामुळे दोन आणि तीन यांच्यातला फरक पाऊण तासाचाच आहे. तेवढ्यासाठी किती पैसे मोजायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शिवाय सगळेच पदार्थ जागेच्या अडचणीत येत नाहीत. आठ-आठ पौंडांचे चार पोर्क शोल्डर (डुकराच्या खांद्याचे तुकडे) म्हणजे ३२ पौंड कच्चे मांस. शिजून ते जवळजवळ अर्ध्यावर येते आणि तरीही माणशी एक तृतीयांश पौंडाच्या हिशेबाने चाळीस माणसांना पुरते. हे काम आदल्या रात्री करता येते. पहाटे उतरवलेले शोल्डर फॉइलमध्ये गुंडाळून, जुन्या टॉवेलात लपेटून कोरड्या कूलरमध्ये ठेवले, तर चार तासांनीही हात भाजेल इतके गरम राहतात. आतले तापमान १४० अंशांच्या खाली जाऊ दिले नाही म्हणजे झाले. त्यामुळे अशा मांसासाठी मोठी जाळी नसली तरी चालते, आदल्या रात्रीची झोप मात्र मोडावी लागते. घाई असते ती कोंबडीची, कारण ती उतरली की लगेच खाल्ली पाहिजे.

ब्रिस्केटच्या टोकांपुरते म्हणाल, तर २४ इंची जाळीवर चौदा पौंडांचा तुकडा सरळ बसतो आणि कडेला दोन बोटे जागा उरते.

राखरांगोळी

माझ्याकडे तीन वर्षांपासून २९ इंची आहे, म्हणून त्याची दुसरी बाजू सांगणे मला भाग आहे. त्याचे वजन ४०० पौंडांच्या आसपास भरते. तो आणून देणारे दोघे फाटकापाशी थांबले आणि पुढचे काम त्यांचे नाही असे नम्रपणे म्हणाले. शेवटी शेजारचे तिघे, दोन दोर आणि भाड्याने आणलेली ढकलगाडी अशा लवाजम्यात मूर्ती आणावी तसा तो मागच्या अंगणात आणला. एकदा ठेवला की तो हलत नाही, त्यामुळे जागा ठरवताना वाऱ्याची दिशा आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या पाहून घ्याव्यात.

रोजच्या वापराबद्दल विचारले आहे, तर माझा अनुभव असा की दोन माणसांसाठी तो पेटवण्याचा कंटाळा येतो. भांड्याच्या जाड भिंती पुरत्या तापेपर्यंत मला पाऊण ते एक तास लागतो, आणि भिंती तापण्यापूर्वीच मांस ठेवले तर तापमान स्थिर राहत नाही. बाहेरचा पृष्ठभाग मोठा असल्याने तेच तापमान राखायलाही कोळसा अधिक लागतो. हवेच्या झडपा बंद केल्या की विस्तव विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो, ही सोय छोट्याइतकीच मोठ्यातही आहे, त्यामुळे कोळसा वाया जात नाही. वाया जातो तो आपला वेळ.

पहिल्याच ब्रिस्केटला मी जी चूक केली ती आपण करू नये. भांडे मोठे आहे म्हणून मी कोळसा तीन ठिकाणी पेटवला आणि आत जाऊन मांसाला मसाला चोळत बसलो. बाहेर आलो तेव्हा काटा ३४० वर होता आणि मला हवे होते २२५. दोन्ही झडपा जवळजवळ मिटल्या तरी खाली यायला अडीच तास लागले, कारण विस्तव मंदावला तरी तापलेल्या भिंती उष्णता देत राहतात. आता मी मधोमध एकाच ठिकाणी, लिंबाएवढ्या निखाऱ्यावर सुरुवात करतो आणि काटा १८० वर आला की झडपा आवळायला घेतो. कामाडोत वर चढणे सोपे आणि उतरणे कठीण.

झाकणाबद्दलही सांगतो. झडपा आवळलेल्या असतात तेव्हा आतला विस्तव हवेवाचून गुदमरलेला असतो, आणि झाकण एकदम उघडले की हवा आत घुसून ज्वाळा थेट तोंडावर येते. २९ इंची घुमटात ती किती मोठी असते हे माझ्या उजव्या हाताच्या केसांना विचारावे. झाकण बोटभर उचलायचे, चार-पाच सेकंद थांबायचे, पुन्हा तसेच करायचे आणि मग उघडायचे. पाहुण्यांची लहान मुले आसपास असताना हे कधीही विसरू नये.

आपल्या लाकडी डेकवर खाली काँक्रीटची लादी आणि हवेसाठी मोकळी जागा ठेवल्याशिवाय कामाडो ठेवू नये, आणि २९ इंची तर डेकची ताकद जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय ठेवूच नये.

वालाच्या_शेंगा

मी मूळची अलिबागची, आता न्यू जर्सीत असते. ब्रिस्केटच्या चर्चेत पोपटी आणणे विषयांतर वाटेल, पण मोठ्या कामाडोचा मला सर्वांत जास्त उपयोग याच कामी होतो. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, ओवा आणि जाडे मीठ मडक्यात भरतात, तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला दाबून बसवतात आणि मडके शेतात उपडे ठेवून भोवती पेंढा-काटक्या पेटवतात. पाण्याचा थेंबही न घालता सगळे त्या पाल्याच्या वाफेवर शिजते. कामाडोतही चारी बाजूंनी सारखी उष्णता मिळते, म्हणून डिफ्लेक्टरवर जाळी ठेवून ४०० अंशांना तासाभरात माझे मडके होते. मात्र ते झिलई नसलेले असावे आणि कामाडो थंड असतानाच आत ठेवावे. ओले, गार मडके तापलेल्या घुमटात ठेवले तेव्हा माझे एक मडके टणकन तडकले आणि शेंगा निखाऱ्यांवर सांडल्या. भांबुर्डा इथे मिळत नाही, केळीच्या पानांवर भागवते. वास तो येत नाही, हे मान्य करते.

हे सांगण्याचे कारण असे की जाळीच्या व्यासाइतकीच घुमटाची उंचीही विचारात घ्यावी. माझे मडके १८ इंचीत बसत नव्हते, २४ इंचीत बसते. थँक्सगिव्हिंगच्या टर्कीलाही तोच न्याय लागू होईल.

निखारा

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या. सिरॅमिक तडकते का, आणि चाळीस माणसांसाठी सीख कबाब करायचे झाल्यास यांपैकी कोणता आकार बरा?

केटीकर

तडकण्याबद्दल आधी सांगतो. १९७४ मध्ये आपल्याच अटलांटात एड फिशर यांनी जपानी धर्तीचे कामाडो विकायला सुरुवात केली, तेव्हाची मातीची भांडी उष्णतेने तडकत असत, आणि त्यातूनच पुढे आजचे टिकाऊ सिरॅमिक आले. आजही आतल्या कोळशाच्या कुंडीला कधीकधी चीर जाते, पण चीर गेली म्हणून ती निकामी होत नाही. काही कंपन्या ती कुंडी मुद्दाम अनेक तुकड्यांची करतात, म्हणजे तापून फुगायला तिला वाव राहतो. विस्तव पाण्याने विझवू नये आणि पेटवायला रॉकेलसारखे द्रव वापरू नये, कारण सच्छिद्र भिंती ते शोषून घेतात आणि पुढचे कितीतरी दिवस जेवणाला त्याचा वास येतो.

कबाबांसाठी यांपैकी कोणताही घेऊ नये. सीख दर मिनिटाला फिरवायची म्हणजे झाकण उघडे राहणार, भरपूर हवा मिळून विस्तव भडकणार आणि मग कामाडोचा सारा गुणच वाया जाणार. त्या कामाला लांबट उघडी शेगडी घ्यावी, अगदी पिंप आडवे कापून केलेली असली तरी चालेल.

आता मुख्य मुद्दा, जो मी पहिल्याच उत्तरात मांडायला हवा होता. जुना कामाडो विकू नका. १८ इंचीचे २५४ आणि २४ इंचीचे ४५२ मिळून ७०६ चौरस इंच होतात, म्हणजे एकट्या २९ इंचीपेक्षा जास्त. शिवाय दोन वेगळी तापमाने हाताशी राहतात. मोठ्यात २२५ वर ब्रिस्केट निवांत पडलेले असताना छोट्यात ३७५ वर तंगड्या होतात आणि तंगड्यांसाठी ब्रिस्केट उतरवावे लागत नाही. मंगळवारी रात्री दोन माणसांसाठी छोटा पेटवायचा. एकाच भांड्यात दोन तापमाने हवी असतील तर लंबगोल कामाडोही मिळतो, त्यात एका बाजूला विस्तव आणि दुसरी बाजू मंद ठेवता येते, पण घरात एक असताना त्याची गरज मला दिसत नाही.

राखरांगोळी

केटीकरांशी सहमत आहे, आणि हे २९ इंचीचा मालक असूनही म्हणतो. माझ्याकडे दर दोन आठवड्यांनी पन्नास माणसे असतात म्हणून मला तो फळला. वर्षातून पाच वेळांसाठी मी तो घेतला नसता.

निखारा

हा हिशेब माझ्या डोक्यातच आला नव्हता. २४ इंची घेतो आणि जुना ठेवतो. आत्ताच टेप घेऊन कुंपणाचे फाटक मोजून आलो, ते ३४ इंच रुंद आहे. चाकांच्या स्टँडसकट २४ इंची त्यातून जाईल का?

केटीकर

बाजूच्या फळ्या मिटल्यावर माझा साधारण तीस इंचांत बसतो. तरीही दुकानात जाऊन, बिजागरी आणि हँडल धरून सर्वांत रुंद जागा टेपने मोजूनच पैसे द्यावेत. आणताना घुमट बिजागरीपासून सुटा करून घ्या, आतली कुंडी, जाळ्या आणि डिफ्लेक्टर बाहेर काढा, आणि खालचे भांडे उचलताना बिजागरीला किंवा बाजूच्या फळ्यांना धरू नका. एक हात खालच्या हवेच्या दारात आणि एक मागून बुडाला, असे दोघांनी धरावे.