टोकियोत अडलं तर विचारायचं कोणाला?

पेठेतला

नमस्कार मंडळी,

मार्चअखेर आई-बाबांना घेऊन टोकियोला चाललोय. पाच रात्री, मुक्काम उएनो स्टेशनाजवळ. तिकिटं, व्हिसा, हॉटेल सगळं झालंय. काय बघायचं याच्या याद्या ढिगाने मिळतात, त्या कृपया नकोत. माझा प्रश्न वेगळा आहे. भर रस्त्यात अडलो, तर विचारायचं कोणाला आणि कुठे?

बाबा बहात्तरचे, पण चालायला माझ्यापेक्षा खमके. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने शक्यतो टाळायचेत. दोघंही शाकाहारी, अंडंही नाही. तिघांना मिळून येणारं जपानी म्हणजे एक 'आरिगातो'. बाबा निवांत आहेत. त्यांच्या मते तोंड असलं की माणूस विचारत विचारत काशीला जाऊन येतो. काशीला जातो हो, शिंजुकूला जातो का?

नेटका_नंदू

फोन. संपला विषय.

ई-सिम इथूनच घेऊन ठेवा. गूगल मॅप्स टोकियोत जितकं नीट चालतं तितकं पुण्यातही चालत नाही. फलाट कितवा, कुठल्या डब्यात बसलं तर उतरल्यावर जिना जवळ पडेल, बाहेर कुठल्या नंबरच्या दाराने पडायचं, सगळं सांगतं. पाटी वाचता येत नसेल तर भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा धरायचा. मी आठ दिवसांत एकाही माणसाला काही विचारलं नाही.

निशिकासाईकर

नंदूभाऊ, एकट्या तिशीतल्या माणसाला फोन पुरतो. सोबत गुडघे असले की पुरत नाही.

मी इथे दहा वर्षं राहतोय (निशिकासाई, एदोगावा वॉर्ड. रविवारी किराणा आणायला बाहेर पडलं की मराठी कानावर पडतंच), त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

टोकियोत हरवायला होतं ते बहुतेक जमिनीखाली, आणि तिथे फोनवरचा निळा ठिपका वेड्यासारखा उड्या मारतो. शिंजुकू स्टेशनाला दोनशेच्या वर बाहेर पडायची दारं आहेत. चुकीच्या दाराने वर आलात तर पंधरा मिनिटांची पायपीट ठरलेली. म्हणून पहिला नियम: स्टेशनाचं नाव पाठ करू नका, दाराचा नंबर पाठ करा. फलाटावर पिवळी पाटी असते, कुठल्या इमारतीला कुठलं दार ते तिच्यावर लिहिलेलं असतं, इंग्रजीतही. ती वाचल्याशिवाय जिन्याकडे वळायचं नाही.

दुसरं, वर आल्यावर दाराशी परिसराचा मोठा नकाशा असतो. आपण सवयीने वरची बाजू उत्तर धरतो. इथे पुष्कळ नकाशांत वरची बाजू म्हणजे तुम्ही उभे राहून ज्या दिशेला बघताय ती. नवा माणूस हमखास उलटा चालायला लागतो. मी पहिले सहा महिने चालत होतो.

तिसरं, पत्ता. रस्त्यांना बहुधा नावंच नाहीत. उदाहरणार्थ महानगर शासनाच्या इमारतीचा पत्ता आहे निशि-शिंजुकू २-८-१. म्हणजे निशि-शिंजुकू भागातला दुसरा 'चोमे' (उपविभाग), त्यातला आठवा ठोकळा, त्यातली पहिली इमारत. आपल्या पेठेत घर नंबर १०२ च्या शेजारी ६४५ असतो तसा घोळ इथेही पूर्वी होता, घरं बांधली त्या क्रमाने नंबर पडायचे. १९६२ च्या कायद्यानंतर बहुतेक ठिकाणी ठोकळ्याभोवती ओळीने नंबर दिले. तेव्हा टॅक्सीवाल्याला इंग्रजी नाव सांगत बसू नका, जपानीत लिहिलेला पत्ता दाखवा. हॉटेलचं कार्ड तिघांच्या खिशात एकेक.

आता तुमचा मूळ प्रश्न, कोणाला विचारायचं. तिकिटाच्या फाटकाशेजारी काचेमागे स्टेशनचा कर्मचारी बसलेला असतो, आधी तो. "सुमिमासेन, एरेबेता?" एवढं बाबांना शिकवून ठेवा. सुमिमासेन म्हणजे माफ करा, एरेबेता म्हणजे लिफ्ट. मेट्रोच्या अनेक स्टेशनांवर रस्त्यापर्यंत येणारी लिफ्ट एखाद-दुसऱ्याच दाराला असते, आणि ते दार आपल्याला हवं ते नसतं. तो नकाशावर खूण करून देतो.

आणि रस्त्यावर असाल तर कोबान. चौकातली छोटी पोलीस चौकी, दारावर लाल दिवा. आपल्याकडे चौकीची पायरी चढायची म्हटलं की पोटात गोळा येतो, इथे लोक पत्ता विचारायलाच जातात. इंग्रजी येईलच असं नाही, पण भिंतीवर त्या वस्तीचा घर न् घर दाखवणारा नकाशा असतो. कित्येकदा पोलीस बाहेर येऊन हाताने दाखवतो.

भटकी_मावशी

निशिकासाईकरांना +१. पेठेतले, माहिती केंद्रांबद्दल कोणी लिहिलंच नाही म्हणून लिहिते. मी ६४ व्या वर्षी एकटी गेले होते, माझं अर्धं टोकियो या केंद्रांच्या जिवावर झालं.

तुम्ही उएनोला आहात ना? तिथून गिंझा लाइनने असाकुसा तिसरं स्टेशन. उएनो जी१६, असाकुसा जी१९. नावं लक्षात राहत नसतील तर हे आकडे लक्षात ठेवा, प्रत्येक स्टेशनावर असतात. असाकुसाला कामिनारिमोन या देवळाच्या वेशीच्या लाल कंदिलासमोर रस्त्यापलीकडे एक लाकडी पट्ट्यांची इमारत दिसेल, एकावर एक लहान घरं रचून ठेवल्यासारखी. तेच असाकुसाचं पर्यटन माहिती केंद्र. २०१२ सालचं, केंगो कुमा या प्रसिद्ध वास्तुरचनाकाराचं काम. तळमजल्यावर इंग्रजी बोलणारी माणसं. लिफ्टने आठव्या मजल्यावर गेलात की फुकट गच्ची, खाली सेन्सोजी देवळाकडे जाणारी दुकानांची रांग आणि दुसरीकडे स्काय-ट्री मनोरा. आईंना तिथे बसवा आणि तुम्ही खाली प्रश्न विचारून या.

दुसरं केंद्र शिंजुकूला, वर पत्ता आलाय त्याच महानगर शासनाच्या इमारतीत तळमजल्यावर. ओएदो लाइनचं तोचोमाए स्टेशन अगदी लागून. त्याच इमारतीत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर निरीक्षण कक्ष आहे, तोही फुकट. आकाश स्वच्छ असेल तर फुजी. केंझो तांगे यांनी बांधलेली इमारत, आतून मात्र सरकारी कचेरीच, त्यामुळे आपल्याला घरच्यासारखं वाटतं.

विमान हानेदाला उतरणार असेल तर टर्मिनल ३ च्या आगमन कक्षातलं केंद्र चोवीस तास उघडं असतं. नारितालाही आहे, आणि नारिताहून केइसेई गाडीने आलात तर केइसेई उएनो स्टेशनातही आहे. पहिल्याच दिवशी तिथून कागदी नकाशा घ्या. हसू नका, कागदी नकाशाची बॅटरी उतरत नाही आणि तिघांना एकदम बघता येतो.

एकच सांगणं. तिथे जाऊन "काय बघू?" असं विचारलंत तर हातात दहा रंगीत पत्रकं पडतील. प्रश्न नेमका हवा. "सोबत जिने न चढणारी आई आहे, दोन तास आहेत, इथून कुठे जाऊ?" असं विचारलं की काउंटरमागची बाई पेन्सिल उचलते.

त्रासिक_तात्या

पत्रकंच देतात हो. मला तर 'तिकडच्या पाटीवर बघा' सांगितलं. (कुठल्या केंद्रात ते सांगत नाही.) शिवाय जुन्या माहितीपुस्तकात लिहिलेलं, शिबुयाला हाचिकोच्या पुतळ्याजवळ हिरवा रेल्वेचा डबा आहे, त्यात माहिती केंद्र. मी अर्धा तास डबा शोधला. डबाच नाही!

भटकी_मावशी

तात्या, तो डबा २०२० साली अकिता प्रांतात ओदातेला नेला, हाचिको कुत्र्याच्या जन्मगावी. तुमचं पुस्तक कितव्या आवृत्तीचं?

त्रासिक_तात्या

मेव्हण्याचं होतं.

सह्यकडा

वाचतोय. वाचनखूण साठवली. अवांतर: ओसाका-क्योतोला असंच काही आहे का? मेमध्ये जायचा विचार आहे.

निशिकासाईकर

आहे. क्योतो स्टेशनाच्या इमारतीतच दुसऱ्या मजल्यावर मोठं केंद्र आहे, ओसाकाला जेआर ओसाका स्टेशनात आणि नाम्बाला. शोधताना पाटीवरचं प्रश्नचिन्ह किंवा इंग्रजी 'आय' बघायचा. आणि ओसाकात सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहतात, टोकियोत डावीकडे. बाकी ओसाकाचे लोक विचारायच्या आधीच सांगायला लागतात, आपल्या कोल्हापूरकरांसारखे.

पेठेतला

सगळ्यांचे आभार, फारच कामाचं. दोन राहिले. शाकाहाराचं कोणाला विचारायचं? आणि रात्री-अपरात्री कोणी आजारी पडलं तर?

भटकी_मावशी

शाकाहाराचं केंद्रातच विचारा. पण 'व्हेजिटेरियन' शब्दावर विसंबू नका, मांस वगळलं की झालं शाकाहारी अशी समजूत असते. खरी मेख दाशीत आहे. दाशी म्हणजे सूपाचा मूळ अर्क, तो बहुधा कात्सुओ माशाच्या कीसाचा. वरून नुसत्या भाज्या आणि नूडल्स दिसतील, खाली मासा. 'व्हीगन' म्हणून विचारलंत तर उत्तर बरोबर मिळतं. "निकु मो साकाना मो ताबेमासेन" (मांसही खात नाही, मासेही नाही) हे वाक्य केंद्रातल्या बाईकडून जपानी लिपीत लिहून घ्या आणि खाली दाशीचंही लिहायला सांगा. ती चिठ्ठी मी आठ दिवस सगळ्या हॉटेलांत दाखवली, शेवटी तिचा पापड झाला.

निशिकासाईकर

आजारपणाचं: रुग्णवाहिका आणि आग ११९, पोलीस ११०. त्याशिवाय जपानच्या राष्ट्रीय पर्यटन संघटनेचा हॉटलाइन नंबर आहे, ०५०-३८१६-२७८७. चोवीस तास, वर्षाचे सगळे दिवस, इंग्रजीत बोलतात. दवाखाना कुठला गाठू, भूकंप झाला तर आता काय करू, असल्या प्रश्नांना हाच नंबर. फक्त-डेटा ई-सिमवरून साधा फोन लागत नाही हे नंदूभाऊंनी सांगितलं नाही. हॉटेलच्या खोलीतून किंवा स्वागतकक्षातून लावा, नाहीतर कॉलची सोय असलेलं सिम घ्या.

नेटका_नंदू

बरोबर. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पेठेतला

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, परत आलो. वृत्तांत लिहायचं कबूल केलं नव्हतं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्या दिवशी नंदूचं ऐकलं. अकिहाबाराहून असाकुसाला जायचं होतं, फोन म्हणाला थेट गाडी आहे, बसलो. उतरलो तर 'असाकुसा'च, पण कामिनारिमोन कुठेच नाही. मग कळलं की असाकुसा नावाची चार स्टेशनं आहेत. त्यातलं त्सुकुबा एक्स्प्रेसचं बाकी तिघांपासून चांगलं दहा मिनिटं लांब, आणि आम्ही नेमके तिथे. फोनचं काही चुकलं नाही, मीच नुसतं 'असाकुसा' टाकलं होतं. आई काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

मग मावशींच्या गच्चीवर गेलो. आई बाकावर बसली आणि मी खाली नेमका प्रश्न विचारला: जिने नकोत, गर्दी कमी, दुपारचे दोन तास. काउंटरमागच्या मुलीने खरंच पेन्सिल उचलली! सुमिदा नदीकाठचा सपाट रस्ता आखून दिला, मधे बसायला बाक कुठे आहेत तेही. साकुरा (चेरीचा बहर) नुकता फुलत होता. सहलीतली सगळ्यात चांगली दुपार तीच.

तिसऱ्या दिवशी बाबांची माकडटोपी गाडीत राहिली. होय, मार्चअखेर टोकियोत माकडटोपी. मी म्हटलं जाऊ दे, नवी घेऊ. बाबा ऐकेनात, थेट फाटकाशेजारच्या काचेपाशी. मला पाच मिनिटं लागली माकडटोपी म्हणजे काय ते समजवायला, शेवटी बाबांनी स्वतःच्या डोक्याभोवती हात फिरवून दाखवलं. कर्मचाऱ्याने गाडी किती वाजताची, कितवा डबा, कुठल्या बाजूची सीट एवढं विचारलं आणि दोन फोन केले. टोपी गाडीच्या शेवटच्या स्टेशनावर उतरवून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी जाऊन आणली, कागदी पिशवीत घडी घालून, वर चिठ्ठी लावलेली. पासपोर्ट बघून सही घेतली. टोकियोत हरवलेल्या वस्तू न्यायला कोणी आलंच नाही तर पुढे त्या इइदाबाशीला पोलिसांच्या मोठ्या केंद्रात जातात म्हणे.

तेव्हापासून बाबा चेकाळले. लाल दिवा दिसला की आत शिरायचे. एका कोबानमध्ये, आम्हाला रस्ता माहीत असताना, नुसतं विचारून बघायचं म्हणून विचारला. पोलीस बिचारा टोपी चढवून कोपऱ्यापर्यंत आला.

मावशी, चिठ्ठीबद्दल विशेष आभार. तरी एकदा दाशी पोटात गेलीच असावी. आईला अजून सांगितलेलं नाही, कोणी सांगू नका.

भटकी_मावशी

आई इथे वाचत नाहीत ना?

पेठेतला

बाबा वाचतात. आयडी विचारू नका.

विचारत_काशीला

"पोलीस बिचारा" काय? तो आनंदाने आला होता. आणि टोपी मी विसरलो नव्हतो, बाकावर ठेवली होती.