धुरा (बांध) खरा की मोजणीची खूण? जिंतूरच्या आमच्या रानाचा प्रश्न

मुरमाड_रान (जिंतूर)
आमचा गट सहा एकरांचा. वरचं रान मुरमाड, खाली ओढ्याकडं काळी. 1972 च्या दुष्काळानंतर आजोबा आणि त्यांच्या धाकट्या भावानं वाटणी केली. गावातली चार माणसं बोलावली, जमिनीचा कस बघितला आणि धुरा घातला. मुरमाड घेणाऱ्या आमच्या आजोबांना सव्वातीन एकर, काळी घेणाऱ्या धाकट्याला पावणेतीन. फेरफार, म्हणजे मालकीबदलाची सरकारी नोंद, मात्र निम्म्या-निम्म्या हिश्श्याचा झाला, म्हणून सातबाऱ्यावर आजही तीन-तीन एकर दिसतात.

पन्नास वर्षं कुणाची तक्रार नव्हती. चुलत्यांनी आठ वर्षांपूर्वी खालचं रान विकलं. घेणाऱ्यानं या उन्हाळ्यात मोजणी आणली अन् खूण आमच्या धुऱ्याच्या आत, दहा गुंठे धरून लागली. माझ्या बापानं लावलेली दोन लिंबाची झाडं त्या पट्ट्यात आहेत. आता घेणारा म्हणतो, पेरणी खुणेपर्यंत मीच करणार. माझं मत स्पष्ट आहे: कस बघून घातलेला धुरा हीच हद्द, आणि ती मोडायचा हक्क कुणालाच नाही.

सेलूकर_शेतकरी
दादा, तुमचं मला पटत नाही. घेणाऱ्यानं तीन एकराचे पैसे दिले, खरेदीखतात तीन एकर लिहिले. तुमच्या आजोबांची बोली त्याच्या कानावर कधी गेली? मी स्वतः असा फसलो आहे. घेतलेल्या रानात पाच गुंठे कमी भरले, आणि शेजारी हेच म्हणाला, "आमच्या वाडवडलांचं ठरलंय." एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. असे पाच तुकडे गेले तर गरिबाचं काय उरतं? बोलीवर हद्द चालायची तर सातबारा काढायचाच काहून?

मुरमाड_रान
तुमचं नुकसान झालं याचं वाईट वाटतं. पण आमच्याकडं आलेला माणूस त्याच शिवारातला. लहानपणापासून तो धुरा बघतोय. सौद्याच्या दिवशी धुऱ्यावर उभा राहूनच त्यानं रान पसंत केलं.

निवृत्त_भूकरमापक
एक विचारतो. 1972 च्या वाटणीनंतर पोटहिश्श्याची, म्हणजे गटातल्या प्रत्येकाच्या वाट्याची, मोजणी होऊन नकाशा झाला होता का?

मुरमाड_रान
नाही काका. फक्त फेरफार.

निवृत्त_भूकरमापक
मग सगळं भांडण तिथंच आहे. तुमच्या गटाच्या नकाशात फक्त बाहेरची हद्द आहे. आतली रेघ कागदावर कधी उमटलीच नाही. बाहेरची हद्द आम्ही साखळीनं, आता रोव्हरनं (उपग्रहावरून जागा दाखवणाऱ्या यंत्रानं), जागेवर दाखवू शकतो. पण जी रेघ नोंदलीच गेली नाही ती यंत्र कुठून शोधणार? सहा एकराचे दोन सारखे भाग पाडले, एवढंच झालेलं दिसतं. मी नोकरीत असताना असे गट शेकड्यानं पाहिले, आणि दरवेळी दोन्ही शेजारी मनापासून खरं बोलत असत. मोजणी नकाशाची नक्कल घ्या. मान्य नसेल तर निमताना मोजणीचा, म्हणजे फेरमोजणीचा, अर्ज करा, वरचा अधिकारी पुन्हा मोजतो. आणि खुणेचा दगड अजिबात हलवू नका. 1966 च्या जमीन महसूल संहितेत त्याला दंड आहे.

पाथरीचा_पोरगा
सलोखा योजनेत जा की. हजार रुपये मुद्रांक शुल्क, हजार नोंदणी फी, विषय संपला.

वकीलकाका_परभणी
नाही बाळा. 2023 ची सलोखा योजना अदलाबदलीची आहे. याची जमीन त्याच्या ताब्यात, त्याची याच्या ताब्यात, तेही किमान बारा वर्षं, असं असेल तरच. इथं ताबा एकाच बाजूनं जास्त आहे.

मुरमाड, तुम्हाला कुणी "बारा वर्षांचा कब्जा" म्हणून दावा टाकायला सांगेल. विचार करून पाऊल टाका. प्रतिकूल कब्जा म्हणजे जमीन दुसऱ्याची होती आणि मी ती उघडपणे दाबली, असं म्हणणं. तुमचं म्हणणं तर उलट आहे, वाटणीतच ती माझी झाली. तोंडी वाटणी कायद्याला चालते, पण ती अशीच झाली आणि अमलात आली हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर.

सेलूकर_शेतकरी
आणि जुन्या पीकपेऱ्यात (कुणी किती रानात काय पेरलं त्या नोंदीत) तीनच एकर लिहिलेले निघाले तर? तुम्हीच तशी नोंद होऊ दिली ना! पन्नास वर्षांत एकदा कागद सरळ केला असता तर परक्या माणसावर ही वेळ आली नसती. माझं मत कायम आहे. फक्त एक मानतो, खरा जाब चुलत्यांना विचारला पाहिजे. पावणेतीनचा ताबा असताना त्यांनी तीन एकर विकलेच कसे? घेणाऱ्यानं पैसे त्यांच्याकडून मागावेत.

मुरमाड_रान
कागद सरळ केला नाही ही आमची चूक, मान्य. पीकपेरा काढायला उद्या तलाठी कार्यालयात जातो. वाटणीच्या वेळच्या चौघांपैकी एक आजोबा हयात आहेत. त्यांना परवा जीपमध्ये बसवून धुऱ्यावर नेतोय. घेणाऱ्यालाही बोलावलंय आणि चुलत्यांनाही. तोपर्यंत त्या दहा गुंठ्यांत कुणीच पेरायचं नाही, एवढं दोघांनी कबूल केलंय.